जीपवरची लाल अक्षरं

आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे नानासाहेबांनी, आयुष्यात एकच गाडी जीव लावून चालवली आणि म्हातारपणी तीच दारात आणून स्वतःच्या हातानं रंगवली. गाव त्यांना नाना म्हणायचं, मीही नानाच म्हणायचे. सासूबाई जानकाबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते. मी शीला, गावातल्या अंगणवाडीची बाई. दिवसभर पोरांना हाका मारून माझा आवाज चढलाय तो कायमचाच, तेव्हा मी सांगताना भांडतेय असं वाटलं तर मनावर घेऊ नका. थोडीफार भांडतही असेन.

आमचं गाव बोरी बुद्रुक. सन दोन हजारचा उन्हाळा लागत होता, गव्हाची सोंगणी चालू होती. एका दुपारी ट्रॅक्टर आमच्या अंगणात शिरला. त्याच्यामागं साखळीनं बांधलेली जीप, आणि जीपच्या स्टेअरिंगला नाना, कामावर असताना बसायचे तसे ताठ. टायर बसलेले, वरचं कापड फाटलेलं, पत्र्याला जागोजाग गंज. पांढरा रंग कधीच पिवळा पडून गेला होता. पण दोन्ही दारांवरची लाल अक्षरं तेवढी ठसठशीत राहिली होती. महाराष्ट्र शासन. मी मनात म्हटलं, घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

आत्याबाई ओट्यावर हुलगे पाखडत होत्या. त्यांनी मान वर केली. त्यांना वाचता येत नाही, पण ती अक्षरं त्या लांबून ओळखायच्या. सूप तसंच उचलून त्या आत गेल्या. संध्याकाळी नानांना ताट वाढलं, पाणी ठेवलं, पण तोंडातून एक शब्द काढला नाही.

माझे मालक कपिल मात्र बापावर चांगलेच उखडले. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. तसं असतं तर हजेरी घेणाऱ्या मास्तरांनी किती पोरं मारली असती. तर कपिलचं आळेफाट्याला विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. ते म्हणाले, नाना, जगात दुसरी गाडी नव्हती का? आईच्या डोळ्यांपुढं हीच आणून उभी करायची होती? नानांनी बादली घेतली, फडकं घेतलं आणि जीप धुवायला लागले.

आता ही जीप म्हणजे काय होती, ते सांगते.

नाना लहानपणी लोकांची गुरं वळायचे. छप्पन साली त्यांच्या वडलांनी वस्तीबरोबर बौद्ध धर्म घेतला आणि गावकीची कामं सोडली, तेव्हा नाना पंधरा वर्षांचे होते. ते ओतूरच्या बाजारात लॉरीवर किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून लागले. चाकं बदलता बदलता गाडी शिकले, आणि पुढं एका सरकारी खात्यात ड्रायव्हर झाले. आमच्या वस्तीतली ती पहिली सरकारी नोकरी. मढच्या कॅम्पवर होते तेव्हा ही जीप कोरी करकरीत त्यांच्या ताब्यात आली. घाटघरच्या वाटेला तेव्हा धड रस्ता नव्हता, धुक्यात चार हातांवरचं दिसायचं नाही, तिथून नाना साहेबांना सुखरूप घेऊन यायचे. जीप दारात उभी राहिली की एकेकाळी ज्यांची गुरं वळली ती माणसं उठून म्हणायची, या नानासाहेब, बसा. हे त्यांनी मला कितीदा सांगितलंय त्याला गणती नाही. सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

पण गाडी सरकारची, आपली नाही, हे त्यांनी असं डोक्यात घेतलं होतं की विचारू नका. खात्यातल्या एका ड्रायव्हरनं जीपमधून मेव्हण्याचं वऱ्हाड नेलं आणि नोकरी गमावून तो घरी बसला. तेव्हापासून तर नाना घरच्या माणसाला पायरीवर पाय ठेवू देईनात. म्हणायचे, दुसऱ्यानं केलं तर चूक म्हणतात, आपण केलं तर जात काढतात. ते खोटंही नव्हतं. पण माणसानं किती भ्यावं याला काही सीमा?

त्यांना एक मुलगी होती, स्नेहा. कपिलच्या पाठची. मी लग्न होऊन आले तेव्हा भिंतीवर तिचा फोटो होता, दोन वेण्या, कपाळाला आठ्या घातलेल्या. कोण म्हणून विचारलं तर घरात कुणी उत्तर देईना. शेवटी शेजारच्या लंकाबाईंनी पाणवठ्यावर सांगितलं.

पंच्याऐंशी सालची गोष्ट. रविवार होता. साहेब पुण्याला गेलेले, सोमवारी पहाटे त्यांना आणायला जायचं म्हणून जीप आमच्या अंगणात उभी. स्नेहा आईबरोबर घास कापायला गेली आणि तिला पान लागलं. साप चावला असं आमच्याकडं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. आत्याबाई पोरीला उचलून पळत घरी आल्या. नाना घरातच होते. आणि दारात जीप असताना नाना लंकाबाईंच्या घरी बैलगाडी जुंपायला धावले. फाट्यावर एस.टी. मिळेल, तीत घालून नारायणगावला नेऊ, असं म्हणाले. बैलगाडी ओढ्याच्या पुलापर्यंत गेली. तिथंच स्नेहा गेली. आठ वर्षांची होती.

त्यानंतर आत्याबाई कधी त्या जीपला शिवल्या नाहीत. नाना चालवत असतील त्या कुठल्याच गाडीत बसल्या नाहीत. नवऱ्याचा स्वयंपाक केला, आजारपणं काढली, पण त्या दिवसाचं नाव काढलं की नाना म्हणायचे, गाडी सरकारी होती, नियमच तसा होता. ते ऐकलं की आत्याबाई उठून गोठ्यात जायच्या. नव्व्याण्णव साली नाना रिटायर झाले, खात्यानं शाल आणि नारळ दिला. त्या शालीत आत्याबाईंनी थंडीत वासराला गुंडाळलं. मला तेव्हा हसू आलं होतं, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

रिटायर झाल्यावर नानांना कळलं की आपली जुनी जीप आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या एका आवारात बाभळीखाली पडून आहे आणि तिचा लिलाव निघालाय. ते एकटेच गेले. कुणाला सांगितलं नाही, विचारलं नाही.

आठवडाभर मी गप्प बसले. माझ्या मानानं ते लईच झालं. मग एका सकाळी नाना चाकाशी बसले होते, तिथं चहा घेऊन गेले आणि विचारलं, नाना, खरं सांगा, ही पीडा कशाला आणलीत?

"शीला, त्या दिवशीची एक फेरी ऱ्हायलीय," ते म्हणाले. "तुझी आत्या एकदा यात बसली पायजे. मग मी मेलो तरी चालंल."

मी म्हटलं, अहो, त्या हिच्याकडं नजर टाकत नाहीत आणि बसतायत कसल्या. नाना म्हणाले, म्हणून तर रंगवायची. ती जीप ही नाही असं तिला वाटलं पाहिजे. मला तो सगळा पोरखेळ वाटला. पण ते कप तसाच खाली ठेवून पुन्हा चाकाशी वाकले, म्हणून मी पुढं बोलले नाही.

इंजिनाचं लवकर झालं. कपिल कितीही रागावले तरी यंत्र बंद पडलेलं त्यांना बघवत नाही. चार रविवार खपून, जुन्या बाजारातून सामान आणून त्यांनी इंजिन चालू केलं. रंगाचं काही कपिलला जमत नव्हतं. नारायणगावच्या गॅरेजवाल्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून नाना पाणीसुद्धा न पिता परत आले. पेन्शन अजून चालू व्हायची होती. तेव्हा घरीच रंगवायची असं ठरलं.

त्याच सुमाराला वस्तीतल्या विहाराची दारंखिडक्या रंगवून झाल्या होत्या आणि आभाळी रंगाचे डबे उरले होते. मंडळी म्हणाली, नाना, घेऊन जा, वाळून जाईल नुसता. नानांनी आधी दानपेटीत पैसे टाकले आणि मगच डब्याला हात लावला. हा माणूस फुकट मिळालेल्या उन्हातसुद्धा उभा राहिला नसता.

मग सुरू झालं घासकाम. पॉलिश पेपर पाण्यात बुडवायचा आणि पत्रा घासत बसायचं. नाना घासायचे, अंगणवाडी सुटली की मीही घासायचे. बोटांची सालटं निघाली. खड्ड्यांत लांबी, म्हणजे रंगाआधी भरायचा लगदा, भरली, ती वाळल्यावर पुन्हा घासली. मोठा ब्रश हवा होता, तो नानांनी जुनेच ब्रश दोन दोन एकत्र बांधून केला. आणि तिथंच एक शहाणपणा केला. रंग पातळ करायला थिनर आणायचं सोडून रेशनचं रॉकेल घातलं. रॉकेलचा रंग कुठला वाळतोय? बोट लावलं की चिकटायचं. त्यात शेजारच्या खळ्यावर गव्हाचं मळणीयंत्र चालू झालं. वारा आमच्याकडं. दुपारपर्यंत अख्ख्या जीपला भुसा चिकटला, बॉनेटवर हात फिरवला तर दाढी वाढलेल्या गालावर फिरवल्यासारखं लागायचं. मी म्हटलं, आता हिला गोठ्यात बांधा आणि वैरण टाका. नानासुद्धा जरासे हसले. मग सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या खेपेला थिनर आणलं. रंग गुळगुळीत बसला. आभाळी रंगाची जीप अंगणात अशी दिसायला लागली की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. नाना खुश होते. आत्याबाई मात्र तिच्या बाजूला पाठ करून अंगण झाडायच्या. जीपभोवतीचं तेवढं झाडायच्या नाहीत.

दोन दिवसांनी मी सकाळी दूध काढून येत होते, तर नाना दाराजवळ उकिडवे बसलेले. आभाळी रंगातून तांबूस काहीतरी वर आलं होतं. आधी वाटलं डाग आहेत. नीट बघितलं तर अक्षरं. पुसट, जखम भरत येताना दिसते त्या रंगाची, पण सरळ वाचता येत होती. महाराष्ट्र शासन.

नानांनी वरून आणखी एक हात दिला. वाळला, आणि दोन दिवसांनी अक्षरं पुन्हा वर. आणखी एक हात दिला. पुन्हा तेच. रंग संपत आला, दारांवर थरांचे पापुद्रे दिसायला लागले, पण ती अक्षरं काही दबेनात. शेवटी नाना जुन्नरला गेले. तिथं त्यांचा जुना दोस्त कमरुद्दीन, पत्र्याच्या पेट्या करायचा. तालुक्यातल्या निम्म्या नवऱ्या त्यानं रंगवलेली पेटी घेऊन सासरी गेल्या असतील, माझीही त्याचीच. तो म्हणाला, नानाभाऊ, हा जुना लाल रंग असा दबत नाही. वरून कितीही द्या, तो नव्या रंगात उतरतो आणि वर येतो. पत्रा दिसेपर्यंत खरवडून काढा, मग द्या. एवढं साधं होतं.

घरी आल्यावर नानांनी हे आम्हाला सांगितलं आणि स्वतः काही केलं नाही. खरवडणी घेऊन दारापुढं बसायचे, हात वर जायचा, आणि तिथंच थांबायचा. सबंध जीप घासली या माणसानं, पण अक्षरांवर पातं टेकवेना. मी चिडून म्हटलं, द्या इकडं, मी काढते. तर म्हणाले, राहू दे गं, त्या अक्षरांनी आपल्याला भाकरी दिली. त्या अक्षरांमुळं लोक उठून मला बसा म्हणाले. झाकून भागलं तर बघू. आणि पुन्हा ब्रश रंगात बुडवला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा.

तेवढ्यात आमच्या मागून आवाज आला. आत्याबाई दारात उभ्या होत्या. जीप आल्यापासून तिच्याबद्दल त्यांनी काढलेला तो पहिला शब्द.

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं ऱ्हातं व्हय?"

एवढंच बोलून त्या आत गेल्या. नानांचा ब्रश तसाच हातात. आभाळी रंगाचे थेंब त्यांच्या धोतरावर पडत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणवाडीतून आले तर अंगणातून खर्र खर्र आवाज येत होता. बघते तर आत्याबाई. पदर कमरेला खोचलेला, हातात भाकरीचं लोखंडी उलथनं, आणि दारावरची अक्षरं खरवडत होत्या. चुलीवरचं करपलेलं पातेलं खरवडावं तसं, सगळा जोर लावून. आभाळी रंगाच्या सालींखाली लाल निघत होतं, लालाखाली पांढरं, आणि मग चकचकीत पत्रा. त्यांचं सगळं तोंड ओलं झालं होतं. नाना बाजूला उभे होते. माझी यशोधरा तेव्हा दोन वर्षांची. मी तिला पोटाशी धरून ओट्याजवळच थांबले. पुढं जायचं धाडस झालं नाही, आणि मी काही भित्री बाई नाही.

"मी तिला मागच्या सीटवर निजवली व्हती," आत्याबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. उलथनं चालूच होतं. "लुगड्याची घडी तिच्या डोक्याखाली दिली व्हती. तुमी तिला उचलून खाली घेतली."

हे लंकाबाईंनी मला सांगितलं नव्हतं. त्यांना माहीतही नसावं. कपिलला माहीत होतं का, ते मी आजतागायत विचारलेलं नाही.

नानांच्या तोंडातून जुन्या सवयीनं "सरकारी..." एवढा शब्द बाहेर पडला आणि तिथंच अडला. ते खाली मातीत बसले. उलथनं थांबलं होतं.

"नियमाचं मी उगंच सांगत आलो, जानका," नाना म्हणाले. "नियम कुठं धावत आला व्हता पोरीच्या आडवा? मी भ्यालो. उद्या लोक म्हणतील, यांना गाडी दिली तर यांनी घरची केली. ते ऐकायला लागंल म्हणून भ्यालो. किल्ली माझ्या खिशात व्हती आणि मी भ्यालो."

आत्याबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं आता त्या ओरडतील, उलथनं फेकून मारतील. मारलं असतं तरी मी मधे पडले नसते. त्यांनी तसं काही केलं नाही. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "हे एकदा तरी म्हणायचं व्हतं. पंधरा वर्षं मी वाट बघितली."

मग आत गेल्या आणि दुसरं उलथनं घेऊन आल्या. ते नानांच्या हातात दिलं. ती बाजू तुम्ही घ्या म्हणाल्या. आणि नाना उठले, पलीकडच्या दाराशी गेले, आणि पहिल्यांदा त्या अक्षरांवर पातं टेकवलं. दोघं दोन बाजूंनी खरवडत राहिले. मी आत येऊन चूल पेटवली, कारण स्वयंपाकाचं दुसरं कुणी बघणार नव्हतं, आणि चुलीपुढं बसून रडून घेतलं. धूर होताच, त्याच्यावर घालता आलं.

शेवटचा हात द्यायच्या दिवशी सकाळी उठून बघितलं तर जीपभोवतीच्या जागेत शेणाचा सडा पडलेला, धूळ उडू नये म्हणून. आत्याबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी रंग असा बसला की बस. खरवडलेल्या जागी पत्रा जरा खोल गेला होता, तिरपं ऊन पडलं की कळायचं, पण अक्षरं पुन्हा वर आली नाहीत. जीप आरटीओतून पास होऊन आली, नवा नंबर पडला, आणि तरी दोन दिवस ती नुसती उभी होती. नाना विचारायला धजेनात. आणि मी, जिला सगळ्यात तोंड घालायची सवय, मीही गप्प.

तिसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाईंनी धुतलेलं लुगडं नेसलं, केस विंचरले, आणि जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. सांगणं नाही, विचारणं नाही. नाना गोठ्यातून धावत आले. हात धोतराला पुसून स्टेअरिंगला बसले. मी यशोधराला घेऊन मागं चढले, मला कुणी चल म्हणालं नव्हतं तरी.

"कुठं न्यायचं?" नानांनी विचारलं.

"नारायणगावला. दवाखान्यात."

काही दुखतंय का, असं नानांनी विचारलं. आत्याबाईंनी नाही म्हणून मान हलवली. तेव्हा नानांना समजलं असावं, कारण त्यांनी लगेच किल्ली फिरवली. ते चालवत असलेल्या गाडीत मी पहिल्यांदाच बसत होते. खड्डा कळू देत नव्हते. ओढ्याचा पूल आला तेव्हा जीप आपोआप हळू झाली. आत्याबाईंनी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली होती, पण नजर रस्त्यावरच ठेवली. पूल मागं पडला. फाटा आला, हमरस्ता आला, उसाच्या गाड्या मागं पडल्या. यशोधरा माझ्या मांडीवर झोपायच्या बेतात होती, ती झोपायच्या आत दवाखान्याचं फाटक आलं.

नानांनी जीप बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. फाटकातून माणसं येत-जात होती. एक बाई पायरीवर बसून लेकराला बिस्किट भरवत होती. आत्याबाई ते सगळं बघत राहिल्या. मग मागं वळून, आलो त्या रस्त्याकडं बघितलं.

"एवढंच लांब व्हतं व्हय?" त्या म्हणाल्या.

नानांनी स्टेअरिंगवर कपाळ टेकलं. त्यांचे खांदे हलत होते. माणसं बघत जात होती, पण कुणी काही विचारलं नाही. दवाखान्याच्या दारात कुणी रडलं तर त्याचं नवल कुणाला? आत्याबाईंनी त्यांच्या पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. खोटं कशाला सांगू. त्या सरळ बसून राहिल्या, रडत नव्हत्या. पण उतरूनही गेल्या नाहीत. त्यांचं होईपर्यंत शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, चला, गुरांचं पाणी राहिलंय.

घरी आल्यावर नानांनी किल्ली काढली आणि सवयीनं खिशाकडं हात नेला. आत्याबाईंनी तळवा पुढं केला. किल्ली घेतली, घरातून खिळा आणि वरवंटा आणला, आणि बाहेरच्या चौकटीत खिळा ठोकून त्याच्यावर किल्ली अडकवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

"ही आता खिशात ठेवायची न्हाई. ज्याला लागंल त्यानं न्यावी. विचारायची गरज न्हाई."

मग ती किल्ली तिथंच राहिली. कुणाला पान लागलं, कुणाचं बाळंतपण अडलं, कुणी विहिरीत पडलं, की माणूस येऊन खिळ्यावरची किल्ली काढायचा. ज्याला चालवता येत नसे त्याच्याबरोबर नाना जायचे, जेवत असले तर ताटावरून उठून. त्या दोघांचं सगळं गोड झालं असं काही मी म्हणणार नाही. आत्याबाईंची जीभ तशीच तिखट राहिली आणि स्नेहाचा फोटो तिथंच आहे. पण संध्याकाळी दोघं ओट्यावर बसायचे, आणि तिचं नाव घरात उच्चारलं जायला लागलं. ती कपाळाला आठ्या का घालायची, फोटोवाल्यावर ती कशी चिडली होती, हे मला तेव्हा कळलं.

तीन वर्षांनी एकदा लंकाबाईंची सून बाळंतपणात अडली. आम्ही सगळे कांदे काढायला रानात होतो. त्यांच्या मुलानं किल्ली काढली आणि घाईत जीप बाहेर काढताना फाटकाच्या दगडाला घासली. संध्याकाळी आम्ही परत आलो तेव्हा जीप अंगणात उभी होती. एक दार चेपलेलं, आणि अख्ख्या दारावरून ओरखडा, आभाळी रंग फाटून खालचा पत्रा दिसत होता. तो बिचारा खाली मान घालून थांबला होता. कपिल तोंड उघडणार, एवढ्यात नाना पुढं झाले. ज्या माणसानं त्या जीपवर माशी बसू दिली नव्हती, त्यांनी त्या ओरखड्यावरून एक बोट फिरवलं आणि त्याला विचारलं, "पोरगी कशीय?"

"सुटली, नाना. मुलगी झाली. दोघी बऱ्या हायेत."

नानांनी मान हलवली आणि ओट्यावर टेकले. जरा वेळानं मला म्हणाले, शीला, माळ्यावर बघ गं, आभाळी रंग थोडा उरलाय का. मी उठायच्या आत आत्याबाई डबा घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांनी उलथन्यानं झाकण उचकटलं आणि डबा नानांच्या पुढं ठेवला.